फितींची ती सहा खोकी भंगारात देऊ नका : आपल्या चित्रपट मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात मंडळाच्या सूचना फलकावर लागलेला ठराव मी उभ्या उभ्या दोनदा वाचला, घरी येऊन वहीत उतरवून घेतला आणि मग हे पत्र लिहायला बसलो. ठरावात तीन गोष्टी आहेत. मे महिन्यातील दुपारच्या खेळांमधून ‘दूरचित्रवाणीसाठी निर्माण झालेले साहसपट’ हा विभाग यंदापासून बंद करण्यात येत आहे. यापुढे मंडळाच्या कोणत्याही उपक्रमात ‘चित्रपटगृहात रीतसर प्रदर्शित झालेल्या’ कलाकृतींचाच विचार होईल. आणि मागच्या खोलीतील व्हीएचएस कॅसेटची सहा खोकी, खोली रिकामी करावयाची असल्यामुळे, महिनाअखेर भंगारात दिली जातील. पहिल्या दोन गोष्टी मला मान्य नाहीत, पण त्या मी सर्वसाधारण सभेत मांडू शकलो असतो. तिसरी सभेपर्यंत थांबणारी नाही, कारण ठराव उद्या मागे घेता येईल, भंगारात गेलेली फीत मात्र परत आणता येणार नाही. म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवतानाच नागपूरकरांपुढेही ठेवत आहे. मंडळाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. ज्या संस्थेने मला पंचवीस वर्षे चित्रपट पाहायला शिकवले तिच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे; तक्रार आहे ती या एका निर्णयाविषयी.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, ते आधी सांगणे उचित होईल. १९८८ सालच्या हिवाळ्यात, मी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असताना, रामटेक आणि मनसरच्या परिसरात एका टेलिफिल्मचे चित्रीकरण झाले आणि तिच्यासाठी मी अकरा दिवस पडेल ते काम केले. गुप्तधनाच्या शोधात निघालेली दोन भावंडे, त्यांच्या मागावर असलेला एक ठेकेदार आणि भावंडांना जंगलातली वाट दाखवणारा एक म्हातारा वनरक्षक, अशी सरळ कथा होती. टेलिफिल्मचे नाव येथे देत नाही, कारण नावावरून ती कोणालाच आठवणार नाही. एका रविवारी दुपारी ती एकदाच प्रसारित झाली आणि शेजाऱ्यांच्या घरी बसून माझ्या आईने ती पाहिली. निर्मात्यांकडची मूळ फीत पुढे दुसऱ्या कार्यक्रमासाठी पुसून पुन्हा वापरण्यात आली, कारण त्या काळी यू-मॅटिक या व्यावसायिक चित्रमुद्रण पद्धतीची कोरी फीत विकत घेणे लहान निर्मात्याला जड जात असे. हे मला दिग्दर्शकांनीच पुढे सांगितले. शेजारच्या काकांनी त्या दुपारी आपल्या व्हीसीआरवर जे मुद्रण करून ठेवले होते, तेवढी एक प्रत उरली. काका गेल्यावर त्यांच्या मुलाने सगळ्या कॅसेट मंडळाला भेट दिल्या, आणि ती प्रत आज आपल्या मागच्या खोलीत, माझ्या आठवणीप्रमाणे चौथ्या खोक्यात, आहे. इतक्या वर्षांत मी तिची नक्कल का करून घेतली नाही, असे कोणी विचारील. मंडळाच्या ताब्यात आहे म्हणजे ती सुरक्षित आहे, असे मी धरून चाललो होतो.

त्या अकरा दिवसांतील एक प्रसंग मला येथे सविस्तर लिहावासा वाटतो, कारण अशा चित्रपटांना ‘तांत्रिकदृष्ट्या निकृष्ट’ म्हणणाऱ्या आपल्या ठरावाला माझे खरे उत्तर त्या प्रसंगात आहे.

गुहेच्या तोंडाशी एक दगडी दार हवे होते आणि त्यासाठी राखून ठेवलेले पैसे पहिल्या दोन दिवसांच्या जेवणात आणि जनरेटरच्या डिझेलमध्ये संपले होते. दिग्दर्शक नागपूरच्या महाल भागातील चितारओळीत गेले आणि तेथील एका मूर्तिकाराला त्यांनी गळ घातली. गणेशोत्सव आणि दुर्गोत्सव दोन्ही उरकलेले असल्यामुळे त्यांच्या हाताला सवड होती. त्यांनी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधला, त्यावर गोणपाट ताणले, गोणपाटावर प्लास्टर चढवले आणि ते ओले असतानाच खाणीच्या रस्त्यावरून आणलेले काळे खडे त्यात दाबून बसवले. रंग दिला तो काजळी, गेरू आणि उकळलेल्या चहाच्या चोथ्याचा. वाळल्यावर ते दार मी एकट्याने डोक्यावर घेऊन टेम्पोत ठेवले, इतके ते हलके होते. चित्रीकरणाच्या वेळी मोठ्या भावाचे काम करणाऱ्या नटाने पाच मिनिटे मागून घेतली. त्याने दारावर आधी नुसता तळहात ठेवून पाहिला, मग खांदा टेकवला, मग एक पाय मागे नेऊन टाच मातीत इतकी रोवली की तेथे खड्डा पडला, आणि कॅमेरा सुरू झाल्यावर त्याच्या मानेच्या शिरा अशा काही तट्ट फुगल्या की मी, ज्याने ते दार तासाभरापूर्वी डोक्यावरून वाहिले होते, श्वास रोखून धरला. दार सरकतानाचा आवाज नंतर संकलनाच्या वेळी घातला; तो सहायकाच्या आजीच्या घरातील जात्याचा होता, दाणे न घालता कोरडे फिरवलेले जाते. पडद्यावर ते दार कित्येक मणांचे वाटते. ते वजन नटाच्या टाचेने, मूर्तिकाराच्या हाताने आणि जात्याच्या घरघरीने मिळून तयार केलेले आहे, आणि पैसे असते तर या तिघांपैकी एकाचीही गरज पडली नसती.

कमी खर्चात बनलेल्या साहसपटांचे मला वाटणारे आकर्षण हे असे आहे. ते भव्य नसते, डोळे दिपवत नाही. जे परवडत नाही ते सुचवायचे आणि प्रेक्षकाने ते मनात पुरे करायचे, या परस्परांच्या विश्वासावर ते उभे असते. आमच्या कथेत एक वाघ होता. वाघाची दृश्ये वन्यजीवांवरील एका जुन्या माहितीपटातून घेतलेली होती. भावंडे डावीकडे पाहून थबकतात, झुडूप हलते, लगेच वाघ दिसतो, पुन्हा भावंडांचे चेहरे. माणसे आणि वाघ एका चौकटीत कधीच येत नाहीत. झुडपाला बांधलेली सुतळी ओढीत मी पालथा पडलो होतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या खेळात असाच एक परदेशी साहसपट दाखवला गेला, तेव्हा सातवीत शिकणाऱ्या एका मुलीने खेळ संपल्यावर हात वर करून विचारले, की तो माणूस आणि ती मगर एकदाही एकत्र का दिसली नाहीत. त्या एका प्रश्नावर सभागृहात अर्धा तास चर्चा रंगली. दोन वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी टिपलेली दृश्ये शेजारी ठेवली की प्रेक्षकाच्या मनात तिसराच अर्थ तयार होतो, हे रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांचे म्हणणे आपण रसास्वाद शिबिरात दरवर्षी मोठ्यांना समजावून सांगता. त्या मुलीने ते स्वतः शोधून काढले, आणि त्या साहसपटाची शिवण उघडी होती म्हणूनच तिला ते शोधता आले. अलीकडच्या संगणकीय दृश्यांत मगर आणि माणूस एकत्र दिसतात, तेथे हा प्रश्न तिच्या मनात उठलाच नसता.

आता ठरावातील आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप असा, की हे चित्रपट घाईत बनलेले असून त्यांना चित्रपटाची भाषा नाही. घाईत बनलेले आहेत, हे खरे. पण त्यांची भाषा वेगळी आहे आणि ती कशामुळे वेगळी झाली हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत एबीसी या वाहिनीने १९६९ पासून दर आठवड्याला खास आपल्यासाठी बनवून घेतलेला एक नवा चित्रपट दाखवण्यास सुरुवात केली. त्यासाठी दीड तासाची वेळ राखून ठेवलेली असे आणि त्यातील जाहिराती वगळल्या तर गोष्ट सांगायला जेमतेम सव्वा तास हाती राहत असे. प्रत्येक जाहिरातीपूर्वी प्रेक्षकाला खुर्चीत धरून ठेवणे भाग होते, म्हणून कथेचे तुकडे असे पाडले जात की दर तुकडा एखाद्या पेचावर थांबावा. आपल्या खोक्यांतील कोणतीही अशी कॅसेट लावून पाहा. दोर तुटायला येतो, पडदा हळूहळू काळा होतो आणि पुढच्याच क्षणी उजळतो. ती काळी जागा म्हणजे कापून टाकलेल्या जाहिरातीची खूण आहे. लेखकाने पेच कोठे टाकला, तो किती वेळ ताणला, तिसऱ्या पेचानंतर प्रेक्षकाला सावरायला किती सवड दिली, हे त्या खुणांवरून मोजता येते. पटकथा शिकणाऱ्या तरुणांना मी याहून चांगला पाठ सुचवू शकणार नाही.

चौकटीचेही तसेच आहे. घरातील जुन्या संचाचा पडदा चारास तीन या प्रमाणाचा आणि लहान, त्यामुळे दूरचे डोंगर त्यात ठिपक्याएवढे होत. दिग्दर्शकांनी मग माणसांच्या चेहऱ्यांवर भर दिला. साहसकथेत दरी किती खोल आहे हे दरीकडे न पाहता तिच्याकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत दाखवायचे, ही युक्ती गरजेतून आली आणि पुढे तिचे कौशल्य झाले. रात्रीच्या दृश्यांविषयीही एक अनुभव सांगतो. आमच्याकडे रात्री पुरेल एवढी प्रकाशयोजना नव्हती, म्हणून मँगनीजच्या एका सोडून दिलेल्या खाणीच्या खड्ड्यात भर दुपारी दोन वाजता रात्र उभी केली. छायालेखकाने कॅमेऱ्याला रंगसंतुलनासाठी पांढऱ्याऐवजी केशरी कागद दाखवला, त्यामुळे सगळे चित्र निळसर झाले. मग भिंगाचे तोंड बारीक करून ते काळोखात ढकलले आणि आकाश चौकटीत येणार नाही अशी काळजी घेतली, कारण अशा रात्रीचे बिंग आकाशच फोडते. सावल्या चांदण्याला न शोभतील इतक्या ठसठशीत आल्या आहेत. मला त्या आजही आवडतात. काळ्या कपारींतून ती दोन मुले कंदील घेऊन उतरतात, आणि कंदिलाचा उजेड कोठेच पडत नसताना त्यांच्या चालण्यावरून तेथे अंधार आहे असे वाटते.

दुसरा आक्षेप ‘चित्रपटगृहात रीतसर प्रदर्शित’ या शब्दांत आहे, आणि हा नियम मला सर्वांत अधिक अन्यायाचा वाटतो. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ड्युएल’ १३ नोव्हेंबर १९७१ रोजी एबीसीवर प्रसारित झाला. त्याचे चित्रीकरण दोन आठवड्यांच्या आत आटोपले होते आणि त्या वेळी दिग्दर्शकाचे वय २४ वर्षांचे होते. एक साधी लाल मोटार, एक गंजलेला टँकर, लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडचे उजाड रस्ते आणि टँकरचा चालक, ज्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. एवढ्या भांडवलावर तो चित्रपट उभा आहे. चालकाचा चेहरा न दाखवल्यामुळे भीतीला नाव राहत नाही आणि टँकरच जिवंत वाटू लागतो. मूळ प्रसारणात त्याची लांबी ७४ मिनिटांची होती. पुढे काही प्रसंग नव्याने घालून तो ९० मिनिटांचा करण्यात आला आणि युरोपात चित्रपटगृहांतून दाखवला गेला. आपला नियम लावला तर वाढवलेला ‘ड्युएल’ आपल्या सभागृहात येऊ शकतो आणि मूळचा, अधिक घट्ट, ७४ मिनिटांचा ‘ड्युएल’ दारातून परत जातो. याला कलेचा निकष म्हणता येईल काय, याचे उत्तर कार्यकारिणीने द्यावे.

आपल्या देशातील उदाहरण घेऊ. सत्यजित राय यांची ‘सद्गती’ ही १९८१ सालची कलाकृती दूरदर्शनसाठी बनलेली आहे. ती तासाभराहूनही लहान आहे आणि तिचे चित्रीकरण रायपूरच्या परिसरात, म्हणजे आपल्यापासून गाडीने काही तासांच्या वाटेवर झाले. आपण ती दोनदा दाखवली आहे आणि दोन्ही वेळा माना खाली घालून सभागृह बाहेर पडले, हे मी पाहिले आहे. पुढे राय यांच्याच फेलूदा या गुप्तहेराच्या एका कथेवर संदीप राय यांनी दूरदर्शनसाठी ‘किस्सा काठमांडू का’ केला. त्यात शशी कपूर फेलूदा झाले आणि त्याचा लेखक-सोबती जटायू याच्या भूमिकेत आपले डॉ. मोहन आगाशे होते. ‘सद्गती’तील निष्ठुर पंडितही त्यांनीच साकारला होता. तोच नट, दूरचित्रवाणीचा तोच लहान पडदा, एकीकडे मन सुन्न करणारी शोकांतिका आणि दुसरीकडे गल्ल्यांतून रंगणारा पाठलाग. नव्या नियमाने या दोन्ही कलाकृती आपल्याला वर्ज्य होतात. नियम लिहिताना हे कोणाच्या ध्यानात आले नसावे, असे मी मानतो, आणि म्हणूनच तो बदलणे अवघड जाऊ नये.

साहसपटांना दुय्यम मानण्याची एक जुनी सवय आपल्यात आहे, तिचाही येथे उल्लेख करतो. दुःखाचा चित्रपट दूरचित्रवाणीसाठी बनला तरी आपण त्याला चित्रपट म्हणतो. गुप्तधनाचा, जंगलाचा, भरकटलेल्या विमानाचा बनला की त्याला वेळ घालवण्याचे साधन म्हणतो. मे महिन्याच्या दुपारी, पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, ज्या घरांत कूलर नाही त्या घरांतील मुले आणि म्हातारी माणसे आपल्या सभागृहात येऊन बसत. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, पंख्याचा आवाज आणि पडद्यावर नदी ओलांडणारी चार माणसे. त्या खेळांना दारावर पैसे घेतले जात नसत, हे या मंडळाचे मला सर्वांत मोठे काम वाटते. त्या प्रेक्षकांपैकी कोणालाही ठराव करताना विचारले गेले नाही.

आता फितींविषयी, जो या पत्राचा खरा विषय आहे.

चित्रपटगृहासाठी बनलेल्या चित्रपटाच्या अनेक प्रती निघतात, भित्तिपत्रके छापली जातात, वर्तमानपत्रांत परीक्षणे येतात, सेन्सॉरच्या दप्तरी नोंद राहते. तो हरवला तरी त्याच्या पाऊलखुणा राहतात. दूरचित्रवाणीसाठी बनलेला लहान चित्रपट एका संध्याकाळी लाखो घरांत जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा कोठे कागदही उरत नाही. मूळ फीत पुसली गेली तर कोणीतरी घरी केलेले मुद्रण हेच त्याचे अस्तित्व. हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. इंग्लंडमध्ये बीबीसीनेही एके काळी ‘डॉक्टर हू’ या साहसमालिकेच्या फिती पुसल्या होत्या, आणि तिचे १९६०च्या दशकातील नऊ हरवलेले भाग २०१३ साली सापडल्याचे जाहीर झाले ते नायजेरियातील एका दूरचित्रवाणी केंद्राच्या साठ्यातून. तेथे कोणीतरी खोली रिकामी करायची म्हणून ते डबे फेकले नाहीत, एवढेच घडले होते.

आपल्या सहा खोक्यांत काय आहे, याची यादी मंडळाकडे नाही. मी ज्या थोड्या कॅसेट पाहिल्या आहेत त्यांवर काकांच्या, किंवा त्यांच्यासारख्या दुसऱ्या कोणाच्या, हस्ताक्षरातील चिठ्ठ्या आहेत: ‘रविवार दुपार, जंगलाचा’, ‘केबलवर लागलेला, सुरुवात नाही’, ‘पुसू नये’. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, गल्लोगल्लीचे केबलवाले दुपारच्या वेळी स्वतःच कॅसेट लावू लागले आणि त्या चार-पाच वर्षांत लोकांनी जे मुद्रण केले त्यातले पुष्कळ पुन्हा कोठे दिसलेले नाही. विदेशी साहसपटांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट फिल्मवरून थेट आपल्या दूरचित्रवाणीच्या, सेकंदाला २५ चौकटींच्या, पाल पद्धतीच्या फितीवर उतरवला की तो चार टक्के भरभर धावतो. ७४ मिनिटांचा चित्रपट ७१ मिनिटांत संपतो आणि सगळ्यांचे आवाज किंचित वरच्या पट्टीत जातात. आम्ही लहानपणी जे नायक ऐकले ते असे किंचित चढ्या आवाजाचे होते. आपल्या पिढीने हे चित्रपट कसे पाहिले, याचा पुरावा त्या फितींतच आहे. बाजारातील स्वच्छ केलेल्या नव्या आवृत्तीत तो मिळणार नाही.

फितींना बुरशी लागली आहे, असे ठरावात म्हटले आहे. लागली आहे, आणि पावसाळ्यात त्या खोलीची उत्तरेकडची भिंत पाझरते हे मी तीन वेळा लेखी कळवूनही दुरुस्ती झाली नाही, हेही येथे नोंदवतो. परंतु फितीच्या कडेवर दिसणारी पांढरी जाळी म्हणजे फीत मेल्याची खूण नव्हे. कॅसेटचे पाच स्क्रू काढून रिळे बाहेर घेता येतात, कोरड्या मऊ कापडातून फीत हळूहळू ओढून पुसता येते आणि मग ती दुसऱ्या, चांगल्या डब्यात बसवून एकदा चालवता येते. तेवढे एकदा चालणे संगणकावर उतरवून घेण्यास पुरते. बुरशी लागलेली फीत स्वच्छ न करता यंत्रात घातली तर यंत्राचे हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, खराब होते आणि त्यानंतरची प्रत्येक फीतही बिघडते, एवढी एक काळजी घ्यावी लागते. घरातील माझ्या जुन्या कॅसेट मी अशाच वाचवल्या आहेत. वेळ मात्र थोडा आहे. फितीवरील चुंबकीय थर धरून ठेवणारे द्रव्य दमटपणाने सुटू लागते आणि एकदा तो थर हेडवर झडू लागला की काही करता येत नाही. जगात नवे व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबवले. चालू स्थितीतील यंत्रे दरवर्षी कमीच होत जाणार आहेत, आणि माझ्याकडे त्यातले एक आहे.

हक्कांचा प्रश्न काही सदस्यांनी खासगीत काढला, तोही रास्त आहे. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो आणि घरी मुद्रित केलेली फीत परवानगीशिवाय सार्वजनिक खेळात लावता येत नाही. मी तसे करा असे म्हणत नाही. खेळासाठी परवानगी मागावी, मिळेल तेथेच दाखवावे. पण हक्कधारक उद्या पुढे आला आणि त्याच्याकडेच प्रत नसली, तर त्याला देण्यासाठी तरी ती कोठे असली पाहिजे.

माझ्या मागण्या अशा आहेत. खोकी भंगारात देण्याचा निर्णय आजच स्थगित करावा आणि तसे फलकावर लिहावे. सभासदांपैकी तीन किंवा चार जणांना खोक्यांतील प्रत्येक कॅसेटची यादी करण्याची मुभा द्यावी. त्यासाठी आठ रविवार पुरतील, खर्च मागणार नाही. यादीतील ज्या कलाकृती अन्यत्र उपलब्ध नाहीत असे दिसेल, त्यांच्याविषयी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्र लिहून विचारणा करावी. ‘चित्रपटगृहात रीतसर प्रदर्शित’ हे शब्द नियमातून काढून टाकावेत. मे महिन्यातील दुपारचे खेळ, विनामूल्य, पूर्वीप्रमाणे सुरू करावेत, आणि कोणता चित्रपट दाखवायचा हे ठरवताना त्या खेळांना येणाऱ्या मुलांपैकी दोघांना बैठकीला बोलवावे. खोली खरोखरच हवी असेल तर सहाही खोकी माझ्या घरी हलवण्यास मी तयार आहे; मंडळाची मालमत्ता म्हणून पावती करून द्यावी, मी ती सांभाळीन आणि मागाल तेव्हा परत करीन. माझे घर धंतोलीत पहिल्या मजल्यावर असून तेथे ओल नाही.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी व्हीसीआर, स्क्रू-ड्रायव्हर, मऊ कापड आणि रिकामे डबे घेऊन मंडळाच्या दाराशी येईन. ज्यांना मदत करायची असेल त्यांनी यावे. कार्यकारिणीपैकी कोणी एकाने किल्ली घेऊन यावे, अशी विनंती आहे. चौथ्या खोक्यापासून सुरुवात करू, आणि ती दाराची फीत सापडली व चालली, तर ते दार सरकताना आपणही माझ्या शेजारी बसून पाहावे, अशी माझी इच्छा आहे.

आपला नम्र,
मंडळाचा एक आजीव सभासद
नागपूर